पिसदुऱ्याची माती, बोडीतली मरळ आणि आपण: पृष्ठवंशी प्राण्यांचं गणगोत पोरांना कसं सांगावं?

वरोऱ्याचा मास्तर

नमस्कार मंडळी. वरोरा तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा सुरुवातीला येतो आणि प्राणी वर्गीकरणाचा बराच नंतर. दुसरा येईपर्यंत पोरं पहिला विसरलेली असतात. मग वर्गीकरण म्हणजे चक्रमुखी, मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन ही पाठ करायची रांग होते, आणि नकळत त्या रांगेची शिडी होते. माशाचा बेडूक झाला, बेडकाचा सरडा, सरड्याचं पाखरू, आणि सगळ्यात वर माणूस. वर्गात एका मुलीनं सरळ विचारलं, "सर, मासे पुढे गेले तर तलावात अजून मासे कसे?" प्रश्न अगदी रास्त आहे. शिडी खरी असती तर खालच्या पायऱ्या रिकाम्या दिसायला पाहिजे होत्या.

मी दिलेलं उत्तर इथं मांडतो. तलावातली मरळ आपली आजी नाही, फार लांबची चुलत बहीण आहे. आज्याच्या दोन पोरांत वावर वाटलं गेलं, एक घर इथंच राहिलं, दुसरं नदीपलीकडं गेलं. पलीकडच्या घरातला आजचा माणूस काही तुमचा आजा होत नाही. त्याच्याही तितक्याच पिढ्या झालेल्या असतात. मरळीची फांदी आणि आपली फांदी वेगळी झाली त्याला ४० कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला. त्या सगळ्या काळात मरळीची फांदीही बदलतच राहिली. आज पृष्ठवंशी प्राण्यांच्या ७० हजारांहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यांतल्या निम्म्या माशांच्या आहेत. निम्मं घराणं ज्यांचं, त्यांना मागे राहिलेले कसं म्हणायचं?

टिकटालिक मी सांगतोच. २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर सापडलेला, ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. खवले माशाचे, पर माशाचे, पण त्या परांच्या आत मनगटासारखी हाडं आणि डोकं खांद्यापासून सुटं, म्हणजे मान. पोरं ऐकतात, पण कॅनडा त्यांच्यासाठी फार लांब. मला हा विषय विदर्भातल्या उदाहरणांवर उभा करायचा आहे. डायनासोरांचे जीवाश्म सापडतात ते पिसदुरा गाव आमच्याच तालुक्यात, ताडोबा हाकेवर, आणि पूर्वेकडं तर गावागावाला तलाव. तुमच्या भागातलं काय दाखवता येईल ते सांगा.

बोडीकाठ, नवेगावबांध

मास्तर, मी ढीवर घरचा. मरळीचं वागणं आमाले लहानपणापासून माहीत. थोड्या थोड्या वेळानं ती वर येते अन् तोंडानं हवा घेते. जाळ्यात पाण्याखालीच अडकून राहिली तर मरते. मासा असून बुडून मरते म्हणा ना. अन् ओल्या गोणपाटात गुंडाळून नेली तर बाजार होईपर्यंत जिती राहते. उन्हाळ्यात बोडी, म्हणजे लहान तळं, आटली का गाळात घुसून बसते. पिल्लं लाल-केशरी असतात, थव्यानं वर येतात, मायबाप खाली राखण करत फिरतात. तशा वेळी आमचे बाबा त्या जोडीले हात लावू देत नव्हते.

आता माझा प्रश्न. ही हवा घेणारी मरळच जमिनीवर आलेल्या जनावरांची सुरुवात तर नसेल? मले तर तसंच वाटत आलं.

दगडवेडा, नागपूर

भाऊ, तुमचं निरीक्षण पुस्तकातल्या माहितीपेक्षा सरस आहे. पण निष्कर्ष वेगळा निघतो, आणि मास्तरांना हवी ती गोष्ट इथंच हाताशी येते.

मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, रक्तवाहिन्यांनी भरलेली एक पोकळी असते. हवा घेतली की ती तिथं जाते. मागूर घ्या, तोही हवा घेतो, पण त्याच्या कल्ल्यांच्या कमानींवर झाडाच्या फांद्यांसारखे फुटवे असतात, ते हे काम करतात. म्हणजे एकाच बोडीत राहणाऱ्या दोन माशांनी हवा घेण्याची सोय वेगवेगळ्या भागांतून, स्वतंत्रपणे मिळवली. गरम, साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो. ज्या पिल्लांना वरची हवा थोडी जास्त वापरता आली ती तगली, त्यांची पुढं पिल्लं झाली. हे पृथ्वीवर माशांच्या कितीतरी वेगवेगळ्या घराण्यांत घडलेलं आहे.

आपल्या फुप्फुसाची कथा निराळी आहे आणि फार जुनी. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्या मुळाशीच अन्ननलिकेतून फुटलेली हवेची पिशवी होती. एका बाजूला तिचं फुप्फुस राहिलं: फुप्फुसमासे आणि चार पायांचे सगळे प्राणी. दुसऱ्या बाजूला, रोहू-कतल्यासारख्या माशांत, तिचा पाण्यात तरंगायला मदत करणारा वाताशय झाला. डार्विनला हे उलट वाटलं होतं, आधी वाताशय आणि मग फुप्फुस. आज पुरावा दुसऱ्या बाजूचा आहे. मरळीच्या पोटातही तो वाताशय आहेच. हवा घेण्याची तिची सोय त्याहून वेगळी, नंतरची.

फुप्फुसमासे आज आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात उरलेत. पण आपल्या शेजारी, प्राणहितेच्या खोऱ्यात मालेरीला, आजच्या तेलंगणात, त्यांच्या दातांचे जीवाश्म सापडले. त्यांतल्या एका जातीला १८५९ मध्ये सेरॅटोडस हिस्लोपिअॅनस असं नाव दिलं गेलं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजवाले हिस्लॉप ते हेच.

काटेपूर्णा

मीही शिक्षिका आहे, अकोला जिल्ह्यात. मास्तर, तळमळ कळते, पण माझी अडचण ऐका. परीक्षेत "उभयचर वर्गाची वैशिष्ट्ये लिहा" येतं. पोराला रकाना पाठ असला की मार्क मिळतात. शिडी मोडताना रकानाही मोडला तर आधीच घाबरलेली पोरं आणखी गोंधळतील. ज्यांच्या घरी शिकवायला कोणी नाही त्यांचं नुकसान सगळ्यात आधी होतं. मी तरी आधी रकाना पक्का करते, मग वेळ उरला तर गोष्ट.

वरोऱ्याचा मास्तर

ताई, रकाना मीही पाठ करून घेतो, त्याला सोडचिठ्ठी नाही. पण माझा अनुभव असा की गोष्ट आधी सांगितली तर रकाना लवकर पाठ होतो. बेडकाची कातडी ओलसर का, अंडी पाण्यात का, हे एकदा कळलं की चार वैशिष्ट्यं वेगळी घोकावी लागत नाहीत. कवच नसलेलं अंडं उन्हात सुकतं, म्हणून पाण्याशी बांधलेलं आयुष्य. त्यापुढं साधारण ३१-३२ कोटी वर्षांपूर्वी एका घराण्यात अंड्याच्या आतच पाण्याची पिशवी तयार झाली, आणि पाण्यापासून लांब घरटं करता आलं. सरडा, कासव, कोंबडी, शेळी, आपण, सगळे त्या एका बदलाचे वारस आहोत. शेळीच्या वेताच्या वेळी पाणमोट फुटते ती पोरांनी घरी पाहिलेली असते. ती तीच पिशवी. हे सांगितल्यावर सरीसृप, पक्षी आणि सस्तन हे तीन रकाने एका धाग्यात येतात, आणि परीक्षेत उत्तर लिहिताना पोरगं अडत नाही.

सर्पमित्र, आर्वी

सर, आमच्याकडून मांडूळ घ्या. दोन तोंडांचा साप, गुप्तधन दाखवतो, असल्या थापांपायी या बिचाऱ्या जनावराची तस्करी होते आणि पोलीस केसेस होतात. शेपटी आखूड आणि बोथट असते, तोंडासारखी दिसते, एवढंच. पोरांना सांगण्यासारखी खरी गोष्ट तिच्याजवळ, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना असते. मांडूळ आणि अजगर यांच्यात तिथं बारीक नखी असतात, मागच्या पायांचे उरलेले अवशेष. अजगराच्या आत तर कमरेच्या आणि मांडीच्या हाडाचे तुकडेही असतात. सापाचे पूर्वज पायवाले सरडे होते याचा हा जिवंत पुरावा. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी पायांची वाढ चालू करणारा डीएनएचा तुकडा तपासला. उंदरात सापाचा तुकडा घातला तेव्हा उंदराचे पाय नीट वाढलेच नाहीत. पाय बनवणारं जनुक सापात शाबूत आहे, ते पायाच्या जागी चालू करणारी कळ बिघडलेली आहे.

मात्र कृपा करून हे दाखवायला मांडूळ वर्गात आणू नका. फोटो मी पाठवतो. साप पकडून फिरवणं गुन्हा आहे आणि त्याच्या जिवालाही घातक.

आणि पावसासाठी धोंडी काढताना मुसळाला बेडूक बांधून दारोदार नेतात, त्यावरही वर्गात बोला. बेडूक कातडीनंही श्वास घेतो. उन्हात कातडी सुकली की जीव गुदमरतो. प्रथेचा राग नाही माझा, पाऊस लांबला की माणसाचा जीव किती खालीवर होतो ते आम्हीही भोगतो. पण मातीचा बेडूक करून बांधला तर प्रथाही राहते आणि तोही जगतो. आमच्याकडं दोन-तीन गावांत आता तसंच करतात.

दगडवेडा, नागपूर

मास्तर, आता तुमच्या मूळ मागणीकडं येतो. विदर्भाच्या जमिनीत ही कथा किती ठिकाणी उघडी पडली आहे, ते मी क्रमानं लिहितो. मी भूगर्भशास्त्र शिकलो, नोकरीही त्यातच झाली, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात जुनं पान मांगलीचं. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा नदीच्या खोऱ्यात. तिथल्या वालुकाश्मात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांना एक चपटी, रुंद कवटी सापडली. ती लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन केलं: ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. डायनासोर हा शब्द १८४२ मध्ये ज्यांनी रूढ केला तेच हे ओवेन. प्राणी मात्र डायनासोर नव्हे, त्यांच्याही आधीच्या काळातला, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा, पाण्यात राहणारा उभयचर. आजच्या बेडकाच्या कल्पनेत तो बसत नाही. त्याच्या गटातले कितीतरी प्राणी मगरीसारखे दबा धरून शिकार करणारे होते. तेव्हा मगरी नव्हत्याच. उभयचर म्हणजे काठावरचं लहानसं, दुबळं जनावर, हा समज मांगलीच्या कवटीपुढं टिकत नाही.

मग खाली सिरोंच्याला चला. प्राणहितेच्या काठावरच्या कोटा गावावरून भूशास्त्रात एका अख्ख्या थराला कोटा हे नाव पडलं आहे. तिथले जाड, चमकदार खवल्यांचे मासे १८५० च्या सुमारासच अभ्यासले गेले. याच थरातून नदीपलीकडं, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं बारापासॉरस हा अवाढव्य शाकाहारी डायनासोर काढला. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास हाडं निघाली, म्हणून त्याच्या पूर्ण नावात टागोर आहेत. पण माझ्या मते कोट्याचा खरा ठेवा त्याहून कितीतरी लहान आहे: दात. डोळ्यांवर ताण देऊनच दिसावेत असे सस्तन प्राण्यांचे दात. त्यांतल्या एकाला १९८१ मध्ये कोटाथेरिअम हाल्डेनाय असं नाव मिळालं, भारतात येऊन राहिलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्यावरून. म्हणजे डायनासोर मेल्यावर सस्तन आले, हेही खरं नाही. सिरोंच्याच्या त्या जंगलात दोघं एकाच वेळी नांदत होते. सस्तनांची फांदी तर त्याहूनही आधी, मास्तरांनी सांगितलेल्या त्या पाण्याच्या पिशवीवाल्या अंड्याच्या काळातच, सरडे-मगरींच्या फांदीपासून सुटली होती. वडधमचं जीवाश्म उद्यानही त्याच बाजूला आहे, दगड झालेले झाडांचे बुंधे तिथं पाहता येतात. सहल न्यायची तर ते एक ठिकाण.

आणि मग तुमचं पिसदुरा. लमेटा थर, साधारण ७ कोटी वर्षांपूर्वीचे. टायटॅनोसॉर गटाच्या डायनासोरांची हाडं, कासवं, मासे, मॅडसोइआ पिसदुरेन्सिस नावाचा साप. जवळच डोंगरगावच्या टेकडीत १९८४ ते १९८६ या काळात एका टायटॅनोसॉरचा बराचसा सांगाडा निघाला. आज त्याचं नाव आयसिसॉरस कोल्बर्टाय. पुढचे पाय लांब, मान त्याच्या नातेवाइकांच्या मानानं आखूड.

पण पिसदुरा जगात ओळखलं जातं ते शेणासाठी, दगड झालेल्या विष्ठेसाठी. शेतात गोट्यांसारखी पडलेली असते. त्यांतली बरीचशी टायटॅनोसॉरांची मानली जाते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि २००५ मध्ये जाहीर केलं की तिच्यात गवताचे सिलिकाकण आहेत. तोवर डायनासोरांच्या चित्रांत गवत दाखवणं चूक समजलं जाई. २०११ मध्ये याच गटानं पुढं दाखवलं की त्यांत भाताच्या कुळातलं गवतही होतं. आपल्या झाडीपट्टीतल्या धानाचे सगेसोयरे तेव्हा याच मातीत उगवत होते आणि खाल्ले जात होते. मला हे आजही वाचताना अंगावर काटा येतो.

त्यानंतर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनचा लाव्हा. कपाशीची काळी माती त्याच लाव्ह्याच्या दगडाची झीज. त्याच काळात मेक्सिकोजवळ अशनी आदळली. पक्षी सोडून डायनासोरांचं घराणं तिथं संपलं.

हिस्लॉप यांच्याबद्दल एक राहिलं. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. पन्नाशीही झाली नव्हती. ज्यांनी आपल्या दगडांत पहिल्यांदा प्राणी पाहिले त्यांचं नाव पोरांना निदान माहीत असावं.

झाडीची लेक

बापरे, धानाचं हे मला माहीतच नव्हतं! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग आमी परे लावतो ते काई नवं नाई." मास्तर, हे तुमच्या पोरांना पहिल्याच तासाला सांगा.

मेळघाटी

"पक्षी सोडून" यावर थोडं थांबू या, कारण पोरांना हेच पटायला जड जातं. ताडोबाच्या तळ्यात मगरी आहेत. त्या मगरीचा जिवंत प्राण्यांतला सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण विचारलं तर सगळे घोरपड म्हणतील. बरोबर उत्तर आहे पक्षी. मगरीच्या हृदयाला चार कप्पे असतात, घोरपडीसारखं ते अर्धवट विभागलेलं नसतं. मगर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, राखते, पिल्लांचा आवाज आला की उकरून काढते आणि तोंडात धरून पाण्यात नेते. १८६१ मध्ये जर्मनीत पिसांचा, पण दात आणि हाडांची लांब शेपटी असलेला आर्किऑप्टेरिक्स सापडला. १९९६ मध्ये चीनमध्ये अंगावर पिसांसारखी लव असलेला डायनासोर पुढं आला. मग शंका उरली नाही. म्हणून सरीसृप हा रकाना आणि पक्षी हा रकाना वेगवेगळे शिकवावे लागले तरी पोरांना एवढं सांगाच, की वंशाच्या हिशेबात पक्षी सरीसृपांच्या आतच बसतात.

आमच्या मेळघाटातून एक उदाहरण देतो. रानपिंगळा. पक्षीअभ्यासक ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याची नोंद केली. पुढं तो शंभराहून जास्त वर्षं कुणाला खात्रीनं दिसला नाही, संपला असंच धरलं गेलं. १९९७ मध्ये शहाद्याच्या बाजूला पुन्हा सापडला आणि नंतर कळलं की मेळघाटात तो चांगला टिकून आहे. फक्त भारतात, मुख्यतः मध्य भारतातल्या सागवानाच्या रानात राहणारा पक्षी. आधी त्याला एकट्याची वेगळी प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) दिली होती. जनुकं तपासल्यावर तो आपल्या गावातल्या साध्या पिंगळ्याच्याच प्रजातीत आला. साधा पिंगळा वडाच्या ढोलीत, गोठ्याच्या आढ्यावर सगळीकडं आहे, आणि हा त्याचा सख्खा म्हणावा असा भाऊ रान तुटलं की जागा सोडतो. विविधता कशी टिकते आणि कशी जाते, याचं दोघांपेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडं नाही.

काटेपूर्णा

पाणमोटेचं मी आज वर्गात सांगून पाहिलं. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी उठली आणि शेळीचं वेत कसं होतं ते तिनंच सगळ्यांना सांगितलं. रकाना आधी की गोष्ट आधी, यावर माझं मत अजून तुमच्यासारखं नाही, पण ही गोष्ट मी ठेवते.

खवल्या मांजर कुठे टाकायचं, हा प्रश्न मात्र दर वर्षी येतो. अंगावर खवले, मग सरीसृप का नाही?

मेळघाटी

ताई, ते खवले केराटिनचे, आपल्या नखांचं द्रव्य. मादी पिल्लाला दूध पाजते, पिल्लू तिच्या शेपटीवर बसून फिरतं, खवल्यांच्या मधे केस असतात. सस्तनच. रोहीचंही, म्हणजे नीलगाईचंही, असंच विचारतात, घोडा का गाय का हरीण. गाय-म्हशीच्या कुळातला तो. आणि त्याच जोडखुरी प्राण्यांच्या मोठ्या घराण्यातून देवमासा निघाला. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या दगडांतून ए. रंगा राव यांनी जमवलेल्या हाडांत इंडोह्यूस नावाचं हरणाएवढंही नसलेलं जनावर होतं. २००७ मध्ये त्याच्या कानाच्या हाडात देवमाशाची खूण सापडली.

बोडीकाठ, नवेगावबांध

म्हणजे देवमासा मासा नाही, रोहीचा पाहुणा. अन् मरळ खरी मासा, पण हवा घेणारी. दिसण्यावर जाऊ नये, कुळ पाहावं. पटलं.

वरोऱ्याचा मास्तर

मंडळी, मनापासून आभार. मी असं ठरवतो आहे: पहिल्या तासाला फळ्यावर रकाने नाही, झाड काढायचं. फांद्यांच्या टोकाला फक्त आपल्याकडचे प्राणी: मरळ, मागूर, बेडूक, घोरपड, मांडूळ, मगर, पिंगळा, सारस, खवल्या मांजर, रोही, शेळी, माणूस. सगळी टोकं एकाच उंचीवर, कारण सगळे आजचे. खाली खोडाजवळ मांगली, कोटा, पिसदुरा. रकाने दुसऱ्या दिवशी.

पिसदुऱ्याला पोरांना नेलं तर काय काळजी घ्यायची?

दगडवेडा, नागपूर

शेतमालकाची परवानगी आधी, पेरणी झाली असेल तर बांधावरूनच. काहीही उचलून खिशात घालायचं नाही, हे निघण्याआधीच सांगा. जीवाश्म जागेवरून हलला की तो कोणत्या थरातला हे कळायचा मार्ग बंद होतो आणि निम्मी माहिती जाते. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा. नांगरताना मोठं हाड वर आल्यासारखं वाटलं तर नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात कळवा.

तुमच्या झाडात कासव नाही. पिसदुऱ्याला कासवाचे जीवाश्म आहेत, तेव्हा ते घ्याच.

वरोऱ्याचा मास्तर

घेतो. पण कोणत्या फांदीवर? जुन्या पुस्तकात ते सगळ्या सरीसृपांच्या बुडाशी, एकटं काढलेलं असतं.

दगडवेडा, नागपूर

कवटीवरून पूर्वी तसं वाटे, कारण डोळ्यामागं इतर सरीसृपांसारखी भोकं तिच्यात दिसत नाहीत. जनुकांचे अभ्यास आता त्याला मगर आणि पक्ष्यांच्या बाजूला नेतात. घोरपडीची आणि मांडुळाची फांदी एकीकडं, कासव दुसरीकडं, मगर-पिंगळ्याच्या फांदीला खालून जोडून काढा.